शेजारच्या टार्गेटवरच्या चार गोळ्या

पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी, या दोन दिवशी हिंगोलीतल्या शाळांना माझी आठवण येते. एरवी मी गल्लीतला एक चिडका माणूस आहे, नळाला मोटर लावणाऱ्यांशी भांडणारा. त्या दोन दिवशी मात्र मला शाल मिळते, नारळ मिळतो आणि पोरांसमोर उभं केलं जातं. पोरं विचारतात, काका, लढाईत तुम्ही किती जण मारले? मी सांगतो, एकही नाही. पोरांची तोंडं उतरतात. मग मुख्याध्यापक घाईघाईनं माइक घेतात आणि सांगतात की फौजी माणसं फार विनम्र असतात.

मी विनम्र वगैरे नाही. लढाई लागली तेव्हा मी ट्रेनिंग सेंटरमध्ये रंगरूट होतो, आणि मी पलटणीत पोचेपर्यंत ती संपली होती, एवढीच गोष्ट आहे. पुढं सतरा वर्षं नोकरी केली, बर्फात पहारे दिले, पेन्शन घेऊन परत आलो. लढाईत मी एकही गोळी झाडली नाही हे खरंच आहे. पण लढाईच्या दिवसांत झाडलेल्या चार गोळ्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या कागदाच्या टार्गेटवर झाडल्या होत्या.

माझं गाव सेनगाव तालुक्यातलं साखरा. हिंगोलीच्या मैदानावर भरती निघाली तेव्हा धावायच्या रांगेत माझ्यापुढं शिरड शहापूरजवळच्या एका वाडीचा पोरगा उभा होता. त्याची ती तिसरी भरती. पहिल्यांदा छाती भरली नाही, दुसऱ्यांदा दाखल्यावरचा एक शिक्का कमी पडला. त्या शिक्क्यासाठी त्याच्या बापानं तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. तिसऱ्यांदा तो निवडला गेला. मी पहिल्याच फटक्यात निवडला गेलो, आणि त्याची थोडी मिजासही मला होती. दोघं एकाच गाडीनं निघालो आणि सेंटरला पोचल्यावर शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या.

तिथं रंगरुटांच्या जोड्या लावतात. एकानं चूक केली की शिक्षा दोघांना. माझ्या बुटाची नाडी सुटली तर तोही माझ्याबरोबर कोपरांवर रांगायचा. आम्हाला शिकवणारे हवालदार, म्हणजे उस्ताद, आम्हाला नंबरानं हाक मारायचे, आम्ही एकमेकांना गावाच्या नावानं. तो मला साखरा म्हणायचा आणि मी त्याला शिरड. आजही मनात त्याच्याशी बोलतो तेव्हा शिरड म्हणूनच बोलतो.

दिवस पहाटे साडेचारच्या शिट्टीनं सुरू व्हायचा. मगभर गोडमिट्ट चहा, गार पाण्यानं दाढी, आणि घोंगडीची घडी अशी की कडा सुरीनं कापल्यासारख्या दिसल्या पाहिजेत. मग धावणं, मग परेड, मग बंदूक उघडून पुन्हा जोडणं. दुपारी लंगरात डाळभात आणि चामड्यासारख्या चपात्या. शिरड पहिले पंधरा दिवस ज्वारीच्या भाकरीसाठी अक्षरशः झुरला. संध्याकाळी हजेरी, आणि हजेरीनंतर आपापल्या पत्र्याच्या पेटीवर बसून बूट चमकवणं. आमचे उस्ताद साताऱ्याकडचे. आमच्या बोलण्याची त्यांना भारी गंमत वाटायची. शिरडनं 'का'ऐवजी 'काहून' म्हटलं की ते त्याला मैदानाला एक फेरी मारायला लावायचे आणि परत आला की विचारायचे, 'कळलं का काहून?' तोही हसायचा, आम्हीही हसायचो. ते दिवस कष्टाचे होते पण वाईट नव्हते. माझ्या आयुष्यातले बरे दिवस मोजायचे झाले तर त्यात ते धरीन.

मग सीमेवर लढाई लागली. आम्हाला कोणी बसवून काही सांगितलं नाही. एका सकाळी रविवारची सुट्टी रद्द झाली, रजा रद्द झाल्या, आणि नऊ महिन्यांचा कोर्स आवळत आणला. गळ्यात घालायच्या पत्र्याच्या ओळखपट्ट्या ठोकून आल्या, त्यावर नंबर आणि रक्तगट. वारसाचा फॉर्म भरून घेतला. त्या फॉर्मपाशी शिरड बराच वेळ पेन धरून बसला. 'मायचं नाव लिवू का बापाचं?' मी म्हणालो, बापाचं लिही. काही वाईट कळवायचं झालं तर ते बापाच्या हाती पडलेलं बरं. त्याला ते पटलं. किती शहाणपणानं बोललो होतो मी, एकोणीस वर्षांचा शहाणा.

त्या काळातलं सगळ्यात मोठं भय लढाईचं नव्हतं, हे आज कोणाला सांगून पटणार नाही. लढाई दूर होती, रेडिओवर होती. भय होतं नापास होण्याचं. फायरिंगच्या परीक्षा दोन, एक कोर्सच्या मध्यावर आणि एक शेवटी; नुसत्या शेवटच्या परीक्षेत नापास झालं की दीड महिना मागच्या तुकडीत ढकलायचे. दोन्हींत नापास झालं की घरी. एरवी घरी परतणं ही नुसती नामुष्की असते. पण लढाई चालू असताना कँपातून घरी आलेला पोरगा म्हणजे गावाच्या लेखी पळपुटा. कारण कोण विचारतंय? पारावरच्या लोकांना कारण लागतच नाही. मागच्या तुकडीतला कळमनुरीकडचा एक पोरगा असाच घरी गेला. गुडघा फुटला होता बिचाऱ्याचा. तरी त्याच्या गावात लोक 'काय जवान, लढाई जिंकून आला काय?' असं विचारायला लागले. तो बाजारातसुद्धा येईना झाला, हे आम्हाला पत्रातून कळलं होतं.

आणि शिरड मधल्या परीक्षेत नापास झालेला होता.

त्याचा नेम वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. गावाकडं ज्वारी हुरड्यात आली की तो माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचा आणि म्हणाल त्या कणसावरचं पाखरू उठवायचा. कँपातही दगड मारून चिंचेच्या शेंड्यावरची चिंच पाडून दाखवायचा. रिकाम्या बंदुकीच्या नळीवर नाणं ठेवून घोडा दाबायचा सराव असतो, नाणं पडता कामा नये. त्याचं नाणं कधी पडलं नाही. पण खरी गोळी भरली की आवाजाच्या आधीच त्याचे दोन्ही डोळे मिटायचे, खांदा दचकायचा आणि गोळी आभाळात जायची. उस्तादांनी समजावलं, शिव्या दिल्या, कानात कापसाचे बोळे घालून पाहिलं. काही फरक पडला नाही. दहातल्या दोन किंवा तीन लागायच्या. पास व्हायला सहा लागत.

शेवटच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो पेटीवर बसून म्हणाला, 'साखरा, मी घरी गेलो तर बाप काई बोलणार न्हाई. पण लोक त्याला बोलतीन. त्याला ते सहन व्हणार न्हाई.' त्यानं माझ्याकडं काही मागितलं नाही. हे मी नीट सांगतो, कारण नंतर मी स्वतःची समजूत घालताना बऱ्याचदा उलट सांगितलं आहे. त्यानं काहीही मागितलं नाही. ठरवलं ते मी एकट्यानं.

हिशेब सोपा होता. आठ जण एका रांगेत पालथे पडून एकाच वेळी गोळ्या झाडत. प्रत्येकाला दहा गोळ्या. समोर मातीच्या बांधापुढं आठ टार्गेटं, आणि बांधामागच्या खड्ड्यात बसलेले लोक नंतर येऊन भोकं मोजत. कुठली गोळी कुणाच्या बंदुकीतून आली हे भोकावर लिहिलेलं नसतं. फक्त दहापेक्षा जास्त भोकं निघाली तर चोरी उघडी पडते. शिरडच्या दोन धरल्या तर त्याला चार हव्या होत्या. माझ्याकडं दहा. चार त्याला, सहा मला. मी तुकडीतला दुसऱ्या नंबरचा नेमबाज होतो. माझी एकही चुकणार नाही याची मला खात्री होती.

आम्ही चौथ्या आणि पाचव्या जागी पडलो. हुकूम झाला. मी माझ्या पहिल्या चार गोळ्या शांतपणे, एकामागून एक त्याच्या टार्गेटवर झाडल्या. मला वाईट काही करतोय असं क्षणभरही वाटलं नाही. उलट छाती फुगली होती. मग बंदूक माझ्या टार्गेटकडं वळवली. पाच नीट गेल्या. सहाव्या वेळी वाळूत माझं कोपर घसरलं.

निकाल लागला. शिरडच्या टार्गेटवर सात भोकं, माझ्या टार्गेटवर पाच. म्हणजे त्याच्या स्वतःच्या तीन लागल्या होत्या. मी तीनच दिल्या असत्या तरी तो पास झाला असता, आणि मीही झालो असतो. एकही दिली नसती तर तो घरी गेला असता. ही तीन वाक्यं मी इतक्या वेळा उलटसुलट केली आहेत की आता ती पाढ्यासारखी आपोआप येतात.

उस्ताद माझ्यासमोर उभे राहिले. 'आज तुझा नेम कुठं गेला रं?' मी सरळ समोर बघत उभा राहिलो. त्यांनी एकदा शिरडकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं आणि पुढं गेले. त्यांना कळलं होतं का, मला माहीत नाही. त्या उन्हाळ्यात त्यांनाही माणसं हवी होती.

आणि शिरड? त्याला वाटलं त्याचे डोळे उघडे राहिले. त्याला खरंच तसं वाटलं. तो मला सांगत सुटला की या वेळी त्यानं श्वास रोखला होता, गोफण सोडताना रोखतो तसा, आणि म्हणून जमलं. माझ्या नापास होण्याचं त्याला इतकं वाईट वाटलं की तो जेवला नाही. संध्याकाळी मला जमिनीवर पालथं पाडून, काठी हातात देऊन तो मला नेम धरायला शिकवत होता. 'कोपर असं रोव. घाई करू नको. तुलाबी जमंल.' मी त्याचं सगळं ऐकून घेतलं. हसूही आलं होतं मला, खोटं कशाला बोलू. तेव्हा सांगितलं असतं तर? पण त्याचा तो चेहरा बघून सांगायचं मन झालं नाही. त्यानं त्याच दिवशी बापाला पत्र लिहिलं. सात गोळ्या लागल्या, उस्तादांनी पाठ थोपटली, आता काळजी करू नका.

अकराव्या दिवशी त्यांची तुकडी निघाली. शपथेची परेड उरकती घेतली, घरच्यांना बोलावलं नाही. काळ्या पेट्या ट्रकमध्ये चढल्या. शिरड ट्रकच्या फळीवरून वाकून म्हणाला, 'दीड महिन्यानं ये, जागा धरून ठेवतो.' एसटीतली जागा धरावी तसं. ट्रक गेटाबाहेर वळला आणि मी मागच्या तुकडीबरोबर झाडलोट करायला गेलो.

नव्या तुकडीत दिवस तेच होते. तीच साडेचारची शिट्टी, तोच चहा, तीच घडी. जोडीदार मात्र कोणी लावला नाही, आकडा विषम होता. चूक केली की शिक्षा एकट्यालाच मिळायची, आणि त्याची मला सवय होईना. पाचव्या आठवड्यात संध्याकाळच्या हजेरीला सुभेदारांनी खिशातून कागद काढला. सेंटरमधून गेलेल्या जवानांपैकी दोघांची नावं त्यांनी वाचली. दुसरं त्याचं होतं. मला आधी कळलंच नाही, कारण आम्ही कधी त्या नावानं बोललोच नव्हतो. मग नंबर वाचला, आणि कळलं. दोन मिनिटं उभे राहिलो. नंतर हजेरी पुढं चालू झाली, आणि माझा नंबर आला तेव्हा मी 'हाजिर' म्हणालो.

पुढं त्याच्या पलटणीतला एक जण मला भेटला. त्यानं सांगितलं की सकाळी चढावरून पाण्याचे कॅन वर नेताना तोफगोळा पडला. शिरडनं तिथं एकही गोळी झाडलेली नव्हती. म्हणजे त्याच्या नेमाचा प्रश्नच आला नाही. कितीतरी वर्षं मी हे वाक्य काठीसारखं धरून चाललो. पण तो तिथं पोचला कसा, हा प्रश्न राहतोच, आणि त्याला दुसरं उत्तर नाही.

नोकरीत असताना सुट्टीवर आलो की, आणि पेन्शनीत आल्यावर दरवर्षी संक्रांतीनंतर, मी त्याच्या वाडीला जातो. त्याचे आईबाप मला जेवल्याशिवाय कधी सोडत नसत. काकू ताट वाढताना हमखास म्हणायच्या, 'माझ्या लेकराचा नेम चांगला व्हता म्हून त्याला पैलं नेलं.' मग मला वाईट वाटू नये म्हणून, 'सगळ्यायला थोडंच जमतं, बाबा,' असंही म्हणायच्या. काका मान हलवायचे. सात गोळ्यांचं ते पत्र त्यांनी इतक्या लोकांना दाखवलं होतं की घड्यांवर कागद फाटला होता. गावात ती गोष्ट वाढत वाढत दहापैकी दहावर गेली होती. मी घास गिळत राहायचो. लाज वाटायची, पण भूकही लागलेली असायची. माणूस असाच असतो.

यंदा गेलो तेव्हा काका अंगणात चऱ्हाट वळत बसले होते. मला बसवून म्हणाले, 'गावानं ठरवलंय. शाळेपुढं त्याचा दगड बसवायचा. सरपंच म्हणलं, मजकूर तुमी द्या. आमाला काय लिवता येतंय? तू संगं होतास. तूच लिव.' मग वही आणि पेन पुढं केलं. 'नाव, गाव, आन खाली लिव, उत्तम नेमबाज.'

मी नाव लिहिलं. गाव लिहिलं. पुढं हात चालेना. दगडावर कोरलेलं पुसता येत नाही, आणि ते माझ्या अक्षरावरून कोरलं जाणार होतं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, 'काका, लिहायच्या आधी एक सांगायचं हाय.'

सगळं सांगितलं. पेटीवरची संध्याकाळ, चौथी आणि पाचवी जागा, चार गोळ्या. त्यांचे हात आधी चऱ्हाटावर चालत होते, मग थांबले.

'सात लागल्यात म्हून लिवलं व्हतं त्यानं.'

'तीन त्याच्या. चार माझ्या.'

'त्याला ठावं व्हतं?'

'न्हाई.'

'आन नुसत्या तीन लागल्या असत्या तर?'

'नापास झाला असता.'

'मंग?'

'घरी धाडलं असतं.'

काकांनी चऱ्हाट बाजूला ठेवलं. मग म्हणाले, 'घरी म्हंजे हितं.'

'व्हय.'

'काहून केलं रे तू असं?'

मी म्हणालो, लोक त्याला पळपुटा म्हणाले असते. तुम्हाला बोलले असते. तुम्हाला ते सहन होणार नाही, असं तो म्हणत होता.

'म्हणू द्यायचं व्हतं,' काका म्हणाले. 'म्या ऐकून घेतलं असतं.'

ते रागानं बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी पाया पडून मोकळा झालो असतो. ते नुसते चऱ्हाटाकडं बघत राहिले. मी इतकी वर्षं काय काय धरून बसलो होतो, त्यांची अब्रू, त्यांचा अभिमान, ते पत्र. त्यांना त्यातलं काहीच नको होतं. त्यांना पोरगा चालला असता, पळपुटा, नापास, कसाही.

तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं, आमचं बोलणं त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं. त्यांनी वहीकडं पाहिलं. 'लिवलं का रे लेकरा? त्याच्या नेमाचं लिवलं का?'

मी काकांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. काकूंना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, 'लिवून राहिलाय तो. लिव रे. उत्तम नेमबाज.'

मी लिहिलं. काकूंना वाचता येत नाही, तरी त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि आत जाता जाता म्हणाल्या, 'भाकरी टाकते, बस.'

काका म्हणाले, 'त्याची बस हाय. जाऊ दे त्याला.'

'जेवल्याबिगर?'

'त्याची बस हाय,' काका पुन्हा म्हणाले आणि त्यांनी चऱ्हाट हातात घेतलं.

मी दोघांच्या पाया पडलो आणि निघालो. बसला अजून दोन तास होते. फाट्यावर जाऊन बसून राहिलो.